डबी अजून चालूच आहे

"सुबा, डबी अजून चालूच आहे," वहिनी फोनवर म्हणाली. संध्याकाळची वेळ, माझे हात कणकेनं भरलेले, फोन कसाबसा मानेत धरलेला. मी म्हटलं, "असू दे की मग. अण्णा बघेल." मग ती हळूच तमिळमध्ये म्हणाली, "हे आता बघायचे नाहीत ग…" आमच्या घरात मोठी गोष्ट तमिळमध्ये सांगतात आणि भांडण मराठीत करतात, त्यामुळे ती तमिळमध्ये शिरली तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी वेड्यासारखी विचारत राहिले, "कुठं गेलाय? कुठं गेलाय अण्णा?" माझे यजमान आले, त्यांनी फोन घेतला आणि माझे हात नळाखाली धरले.

या पुरवणीच्या वाचकांना आधी एक सांगते, म्हणजे मागाहून पत्रं नकोत. तंजावरला मराठी माणसं आहेत. राजे आले तेव्हा आमचे पूर्वज त्यांच्या मागून आले आणि परत जायचं विसरले. लग्न होऊन मी पुण्यात आले त्याला तीस वर्षं होत आली, तरी अजून कोणी ना कोणी विचारतंच, "अय्या, तुम्ही घरी मराठी बोलता?" नाही हो, चिनी बोलतो! पण बोलणं आणि लिहिणं वेगळं. आमच्याकडे मराठी तोंडातच राहते, कागदावर उतरते ती तमिळ. देवनागरी मी इथं पुण्यात मुलांच्या पुस्तकातून शिकले. अण्णाला ती कधीच आली नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. "बोलावयास अक्षर कशास लागतें गे?" असं म्हणायचा.

अण्णा म्हणजे व्यंकटराव, माझा थोरला भाऊ. तिथल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होता. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर, पुढं तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, आणि वर माडीवर एक खोली. त्या खोलीत त्याचं खरं आयुष्य गेलं. तो हॅम होता. हौशी रेडिओवाल्यांना हॅम म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवतात, स्वतः संच जुळवतात आणि कुठच्या कुठल्या माणसांशी हवेतून बोलतात. अण्णा तोंडानं बोलत नसे. मोर्समध्ये बोलायचा, टिंब आणि रेघ, तारखात्यात कडकट्ट चाले तसं. शिकत होता तेव्हा जेवताना ताटावर चमच्यानं टकटक करायचा आणि बाबा ओरडायचे, "ताट वाजवूं नको, घरांत अवदसा येईल!" अवदसा आली नाही. परवाना आला. माडीपासून परसातल्या नारळापर्यंत त्यानं एक तार ताणली. वाऱ्यानं झाड हललं की तार तुटायची. म्हणून एका टोकाला कप्पी लावून त्यानं तारेला वजन बांधलं, झाड वाकलं की वजन वर जायचं, सरळ झालं की खाली. वजन कसलं, तर वहिनीचा वरवंटा. नवी नवरी घरात येऊन महिना झाला नव्हता आणि तिचा वरवंटा खिडकीबाहेर लटकत होता. ती म्हणाली, "चटणी कशानं वाटूं?" हा म्हणाला, "जपानचा माणूस सांपडला आहे, थांब."

पण जपानचा सापडला काय आणि रशियाचा सापडला काय, त्याला हवा होता तो एकच, मालवणचा परुळेकर. हे गृहस्थ बोटीवर बिनतारी यंत्र चालवायचे, निवृत्त होऊन घरी बसलेले. एका सकाळी दोघांची गाठ पडली, नेहमीसारखं इंग्रजीत नाव-गाव झालं, आणि मालवण शब्द आल्यावर अण्णानं धीर करून रोमन अक्षरांत विचारलं, तुम्ही मराठी काय? पलीकडून हसू आलं. मोर्समध्ये हसायची पण एक ठरलेली खूण आहे. त्या दिवसापासून रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी दोघांचं मराठीत चालायचं. पाऊस, मासळी, रक्तातली साखर, सुना. परुळेकर म्हणायचे, तुझी मराठी ऐकून माझी पणजी आठवते. हा म्हणायचा, तुमच्या मराठींत मिरपूड फार आहे. शेवटी नियमाप्रमाणे सात-तीन हे आकडे ठोकायचे असतात, त्यांचा अर्थ शुभेच्छा. हे दोघं त्याऐवजी 'येतो' पाठवायचे. घरातून निघताना आपण जातो म्हणत नाही, तसंच. पुढची वीसेक वर्षं ही दोन माणसं बोलली, पण एकमेकांचा आवाज त्यांनी कधी ऐकला नाही. तोंड पाहणं तर लांबच.

मी एकदा विचारलं, "अरे, तो परुळेकरच आहे कशावरून? उद्या दुसराच कोणी बसून टकटक करेल." अण्णा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी विचारलं होतं की वहिनी वहिनीच कशावरून. म्हणाला, "हात ओळखतां येत नाहीं काय गे?" प्रत्येकाचा हात वेगळा पडतो म्हणे. परुळेकर शेवटची रेघ ओढायचे, चप्पल फरफटत चालणाऱ्या माणसासारखी, आणि मध्येच दोन अक्षरं एकमेकांत मिसळायचे. त्या हातावरून अण्णा सांगायचा की आज त्यांना ताप आहे, आज बायकोशी बिनसलंय, आज बोटं आखडलीत. वहिनी म्हणायची, "मज ताप आलेला ह्यांस कळत नाहीं, मालवणचा कळतो!" ती हे हसत म्हणायची, पण खोटं म्हणत नव्हती.

मग अण्णाचे कान गेले. आधी बायकांचे आवाज गेले, ते त्यानं मनावर घेतलं नाही, कुठला पुरुष घेतो? मग कुकरची शिट्टी गेली, देवळाची घंटा गेली. कानातलं यंत्र आणलं तर त्यात सगळंच सारख्या आवाजात वाजायचं. मोर्सचा सूर तो खालच्या पट्टीत आणून ऐकायचा, दर वर्षी आणखी खाली. एका सुट्टीत मी गेले तर त्यानं डोकं स्पीकरवर टेकवलेलं, डोळे मिटलेले, आणि कपाळावर घाम. बाहेर परुळेकर टकटक करताहेत, मला स्वच्छ ऐकू येतंय, आणि ह्याचा चेहरा रडकुंडीला आलेला. घरात वहिनी पाटीवर लिहून त्याच्याशी बोलायची, तमिळमध्ये. मुलगा चेन्नईत, त्याला मराठी समजते पण जिभेवर येत नाही. म्हणजे परुळेकर गेले की अण्णाची मराठीच गेली, हे मला त्या दिवशी त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं.

देशात तेव्हा सगळं नवं नवं होत होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला सायकलवाला होता, त्याचा एसटीडी बूथ झाला, बूथचा कॉम्प्युटर क्लास झाला. एका कापड निर्यातवाल्यानं मोठं काचेचं ऑफिस थाटलं, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याला टाळंही लागलं. खुर्च्या गेल्या, पंखे गेले, उरल्या टेबलावरच्या काळ्या डब्या, जाड पुस्तकाएवढ्या. थिन क्लायंट म्हणतात त्यांना. म्हणजे नावाला कॉम्प्युटर, पण डोकं स्वतःचं नाही. कुठल्या तरी खोलीत एक मोठा कॉम्प्युटर विचार करणार आणि ही नुसतं पडद्यावर दाखवणार. तो मोठा कोणीतरी आधीच उचलून नेला होता, त्यामुळे भंगारवाल्याकडे या डब्यांना कुत्रं विचारत नव्हतं. अण्णानं त्यातली एक आणली. वहिनी म्हणाली, "घरांत बिनडोक एक आहे, दुसरी कशास?"

पण त्याला तीच हवी होती. कॉलेजचा जुना कॉम्प्युटर त्यानं एकदा संचाशेजारी ठेवून पाहिला होता, तर रेडिओ तळलेल्या पापडासारखा तडतडायला लागला. या डबीत पंखा नाही, फिरणारी तबकडी नाही, ती मुकाट बसते आणि संचाच्याच बॅटरीवर चालते, आमच्याकडे वीज जाते तेव्हाही. फक्त तिचं डोकं बदलायचं होतं. मोर्सचा आवाज एका तारेनं तिच्यात सोडायचा आणि तिनं तो ऐकून पडद्यावर अक्षरं काढायची, असा बेत. कानानं होत नाही तर डोळ्यानं ऐकेन, म्हणाला. डबीच्या पोटात एक छोटं कार्ड बसवून त्यावर फुकट मिळणारी प्रणाली चढवायची होती, आणि ते जमणारा माणूस होता तिरुचीचा स्वामिनाथन, तोही हॅम. तो रेडिओवर तोंडानं सांगणार, पण ऐकणार कोण? वहिनी! जन्मात कधी कीबोर्डला हात न लावलेली ही बाई हेडफोन लावून बसली. तिकडून स्वामिनाथन एकेक अक्षर सांगतोय, ही पाटीवर लिहितेय, अण्णा टंकतोय. "तिरकी रेघ म्हणतात!" "कुठल्या बाजूस तिरकी?" "मज काय ठाऊक, पडलेल्या माडासारखी!" एकदा तिनं स्वामिनाथनचं शिंकणंसुद्धा लिहून घेतलं. आठवडाभर हे चाललं, स्वयंपाक बोंबलला, आणि मला फोनवर सांगताना वहिनी इतकी हसत होती की मला वाटलं, या घरात आता काही वाईट होणार नाही.

मे महिन्यात मी गेले तेव्हा डबी तयार होती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तिचा वीजपुरवठा कोंडलेला, तार लोखंडी कड्याभोवती गुंडाळलेली, वर एक जुना मॉनिटर. अण्णानं खुंटी फिरवली आणि पडद्यावर कुठल्याशा जपान्याचं नाव-गाव धडाधड उमटायला लागलं, मग एक इटलीचा, मग एक बेंगळूरूचा. एक अक्षर चुकीचं नाही. मी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "थांब, अजून माणूस यायचा आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं वर जाऊन बसलो, वहिनीनं कॉफी वर आणली. वेळ झाली. मला टकटक ऐकू आली, ती फरफटती रेघ मलासुद्धा ओळखू आली, आणि मी अण्णाच्या खांद्यावर थापटलं, आले, आले! पडद्यावर काय उमटलं? ई. ई. टी. मग आय. मग नुसतीच जागा. पुन्हा टी, ई, ई…

यंत्राला मोजूनमापून आलेली टिंबं हवी असतात. टिंब एवढं, रेघ त्याच्या तिप्पट. जपानचा पोरगा तसं पाठवतो, कारण त्याचंही यंत्रच पाठवतं. परुळेकरांचा हात बोटीच्या हेलकाव्यावर घडलेला, त्यात कशाला काही मापच नाही, म्हणून डबीला सुटं टिंब दिसलं की ई, सुटी रेघ दिसली की टी, एवढंच. अण्णानं खुंट्या फिरवल्या, वेग बदलला, परुळेकरांना सांगितलं, सावकाश, सारखं पाठवा. त्या म्हाताऱ्यानं इमानेइतबारे प्रयत्न केला, पहिलीतल्या मुलासारखं मोजून मोजून, आणि पडद्यावर अर्धे शब्द आलेही. पण अण्णालाच ते पाहवेना. दोन-चार दिवसांनी त्यानं स्वतःच कळवलं, राहू द्या, तुमच्या हातानं पाठवा. मला म्हणाला, "सगळें जग वाचते गे ही. परुळेकर सोडून." त्यानंतर खाली जाऊन त्यानं वहिनीनं पाटीवर लिहिलेलं न वाचताच पुसलं.

तरीही त्यांनी मार्ग काढला, किती चिवट माणसं! स्पीकरच्या पुढची जाळी अण्णानं काढून टाकली आणि आतल्या कागदी पडद्यावर दोन बोटं टेकवली. टकटक बोटांना जाणवते म्हणाला. बोटात अर्धं, डबीवर पाव, उरलेलं वीस वर्षांच्या सवयीवर. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. त्या काळात मी गेले की तो मला पुन्हा सांगायचा, आज परुळेकरास सर्दी आहे. मग साखरेनं त्याच्या बोटांची जाणीव नेली. आधी पायांची गेली होती, तिकडे त्यानं लक्ष दिलं नव्हतं. एके दिवशी बोटं स्पीकरवर टेकवून त्यानं मला विचारलं, "चालू आहे काय गे?" चालू होता. चांगला थरथरत होता. मी मान डोलावली आणि खाली निघून आले, कारण मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

आता राहिली ती डबी आणि तिची ई, टी, आय. अक्षरं कळत नसली तरी काहीतरी येतंय, तो आहे, एवढं तरी त्यातून कळायचं. हा पाठवायचा, मग पडद्याकडे बघत बसायचा, शेवटी 'येतो' ठोकून उठायचा. त्यावर तो जगत होता म्हटलं तर खोटं नाही. पण एक गोष्ट त्यालाही ठाऊक होती, हॅम लोकांना सगळ्यांनाच असते. रेडिओवर कोणी नसलं, नुसती खरखर असली, तरी डबी गप्प बसत नाही. खरखरीचा एखादा तडाखा बसला की तिला वाटतं टिंब आलं. ती ई काढते. जरा लांब तडाखा बसला, टी काढते. म्हणजे परुळेकर असले तरी ई, टी, आय, आणि नसले तरी ई, टी, आय.

एका पावसाळ्यात वहिनीचा फोन आला की सकाळी ती केर काढायला वर जाते तेव्हा तिला ती फरफटती टकटक आताशा ऐकू येत नाही. मालवणला परुळेकरांच्या घरी फोन नव्हता, पत्राला उत्तर आलं नाही. आम्ही नवरा-बायको दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलो. दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, गणपतीच्या आधीच गेले ओ ते. मुलीन सामान हलवल्यान. छपरावरची तार तेवढी राहिली होती. मी तशीच तंजावरला गेले, कारण ही बातमी वहिनीनं द्यावी हे मला पटेना. अण्णा माडीवर होता. मी पाटीवर तमिळमध्ये लिहिलं, परुळेकर गेले, गणपतीच्या आधी. आणि पाटी त्याच्यासमोर धरली. त्यानं वाचलं. तळव्यानं पाटी पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत. मग मला म्हणाला, "आज सकाळीच होता कीं."

मी चिडले. मला राग आला की मी कोणाचं ऐकत नाही, घरचे सगळे सांगतील. मी ओरडले, तो ऐकू शकत नाही हे माहीत असून ओरडले. "अरे खरखर आहे ती! नुसती खरखर! मला ऐकू येतंय ना!" त्यानं माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं असावं मी काय म्हणते ते. शांतपणे विचारलं, "तुज मोर्स येतो?" मी मान हलवली, नाही. "मग?" म्हणाला आणि पडद्याकडे वळला. तिथं तेव्हाही उमटत होतं, टी, ई, ई… खिडकीबाहेर वरवंटा वर-खाली होत होता.

पुढची दोनेक वर्षं त्यानं अशीच काढली. त्याला खरंच पटलं नव्हतं की त्यानं पटवून घेतलं नव्हतं, हे मला सांगता येणार नाही. वहिनी म्हणते, पहिल्यांदा पटलं नव्हतं आणि नंतर पटलं होतं. रोज सकाळी वर जायचा, ठोकायचा, बसायचा. काय ठोकायचा ते कळायला आम्हा कोणाला मोर्स येत नव्हता. स्वामिनाथन एकदा तिकडून ऐकत होता, त्यानं वहिनीला फोन करून सांगितलं की मराठी आहे, मला काही कळत नाही, पण ते फार बोलतात. शेवटच्या दिवशीही अण्णा वर जाऊन आला, खाली येऊन जेवला, दुपारी आडवा झाला तो उठला नाही. झोपेत गेला, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. त्रास त्याआधीच होऊन गेला होता, असं मला म्हणायचं होतं, पण आलेल्या माणसांना काय बोलायचं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. वहिनी म्हणाली, "सुबा, तूंच वर जाऊन ती बंद कर. माझा हात होत नाहीं." डबीला बटण नाही, तार उपटावी लागते. मी वर गेले. खुर्चीच्या पाठीला त्याचं अंगवस्त्र तसंच होतं. स्पीकरच्या कागदावर जिथं तो बोटं टेकवायचा तिथं दोन मऊ, काळपट खळगे पडलेत, माझी बोटं तिथं बरोबर बसली. आत खरखर होती. पडद्यावर एक ई आली. मी तार हातात धरली आणि म्हटलं, ही ओळ पुरी होऊ दे. ती पुरी झाली, दुसरी सुरू झाली. मागं दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. ज्या बाईचे कान आमच्या सगळ्यांत तिखट, ती मला विचारते, "कोणी आहे काय ग?" मी म्हटलं, "कोणी नाही, वहिनी." ती म्हणाली, "मग असूं दे. उद्यां काढूं." आम्ही दोघी खाली आलो.

उद्याला आता महिना होऊन गेला. दर रविवारी मी फोन करते. तब्येत, औषधं, मुलगा चेन्नईला बोलावतोय, ती जात नाही, हे सगळं नंतर. आधी मी विचारते, "डबी?" ती म्हणते, "चालू आहे." लांबचा फोन, त्यात खरखर असतेच. मी कान देऊन ऐकते. मला मोर्स येत नाही.